पक्षाघातानंतरचा उपेक्षित हात

पक्षाघाताचा रुग्ण काठीच्या किंवा नातलगाच्या आधाराने रुग्णालयाच्या व्हरांड्यातून चार पावले टाकू लागला की त्याच्या रवानगीचे कागद तयार होतात, आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात आणि ‘आता बरे आहे’ हा निर्वाळा सर्वतोमुखी होतो. परंतु त्याच घटकेस छातीशी दुमडून राहिलेल्या त्याच्या हाताची विचारपूस करणारा मात्र विरळाच आढळतो. चालता येणे हाच घरी जाण्याचा परवाना ठरल्यामुळे हाताचे प्रकरण तेथेच दप्तरबंद होते. ही उपेक्षा रोगाच्या स्वभावातून जितकी उद्भवते, त्याहून अधिक ती आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या शिरस्त्यातून उद्भवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने अडला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली म्हणजे विरुद्ध बाजूचे अंग बहुधा प्रथम लुळे पडते, आणि पुढे काही दिवसांत अथवा आठवड्यांत पुष्कळांच्या बाबतीत त्यात ताठरपणा भरू लागतो. मेंदूचा अंकुश सैल झाल्याने मेरुरज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया अनावर होतात, कोपर दुमडते, मनगट झुकते, अंगठा तळहातात शिरतो आणि त्यावर बोटे मिटतात. स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो अधिक विरोध करतो, हे या ताठरपणाचे मुख्य लक्षण ऑस्ट्रेलियाचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली आपल्या व्याख्येत नोंदवले. त्याच्या जोडीला, न हललेला स्नायू स्वतःही आखूड होत जातो व सांध्याभोवतीची आवरणे आक्रसतात. पहिला दोष मज्जासंस्थेचा आणि दुसरा अनुपयोगाचा. पहिल्यावर आपला इलाज मर्यादित असला तरी दुसरा पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगा आहे.

ही कारणमीमांसा ध्यानात घेतली म्हणजे आपल्याकडील प्रचलित उपायांतले वैगुण्य उघड होते. तेल लावून जोरजोराने रगडणारा मालिशवाला आणि मिटलेली बोटे एका हिसक्यात उघडू पाहणारा पुतण्या यांचा हेतू शुद्ध असला तरी झटक्याच्या ताणाने ताठरपणा उसळतोच; आणि खाटेवरून उठवताना रुग्णाला त्याच दुर्बल हाताला धरून ओढले, तर स्नायूंचा आधार गमावलेला खांदा दुखावून वेदनांचे नवे सत्र सुरू होते. जी मूठ उघडतच नाही, तिच्यात रबरी चेंडू कोंबून तो दाबत बसण्यास सांगणे म्हणजे मिटण्याचीच तालीम देणे होय. हाताला उशीचा आधार देऊन तो योग्य स्थितीत ठेवणे, सांधे सावकाश हलवणे आणि जी काही हालचाल शिल्लक असेल ती पेला धरणे, बटण लावणे अशा प्रत्यक्ष कामात वारंवार योजणे, हा खरा मार्ग आहे. ताठरपणा कमी करणारे बोट्युलिनमचे इंजेक्शन उपयोगी असले, तरी त्याचा अंमल साधारण तीन महिने टिकतो. त्या मुदतीत व्यायाम झाला नाही तर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्रेचा आहे. निरोगी हातानेच सर्व कामे उरकण्याची सवय जडली म्हणजे दुर्बल हात शक्य तेवढेही करायचे विसरतो, हे ओळखून एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने चांगल्या हातावर बंधन घालून दुर्बल हाताकडून काम करून घेण्याची पद्धती विकसित केली. आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत, मनगट व बोटे थोडी तरी उघडू शकणाऱ्यांना तिचा लाभ दिसून आला. उलट २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका पाहणीत, उपचाराच्या एका बैठकीत हाताकडून कामाच्या हालचालींची सरासरी ३२ आवर्तनेच होतात असे आढळले, तर प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल घडवण्यास शेकडो आवर्तने लागली होती. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील उपक्रमात तीन आठवड्यांत ९० तासांचे उपचार दिले जातात, आणि पक्षाघाताला वर्ष-दीड वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांचेही हात तेथे सुधारल्याची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली आहे. पहिल्या काही महिन्यांचे मोल सर्वाधिक, हे खरे. परंतु त्यानंतर दार कायमचे बंद होते, हा समज टिकणारा नाही.

यावर असे सुचवले जाते की तज्ज्ञ कमी व रुग्ण अधिक, तेव्हा हे काम कुटुंबीयांना शिकवून त्यांच्या हवाली करावे. या तजविजेची परीक्षा आपल्याच देशात झाली आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कुटुंबीयांना प्रशिक्षण दिलेल्या गटात आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण सारखेच, म्हणजे ४७ टक्के, राहिले. यावरून घरच्यांची शुश्रूषा निरुपयोगी ठरत नाही. ती तज्ज्ञाची जागा भरून काढू शकत नाही, एवढे मात्र ठरते.

प्रत्येक हात पूर्ववत होईल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. ज्याच्या बोटांत काही आठवड्यांनंतरही हालचालीचा लवलेश नसतो, त्याचा हात कामात येण्याची शक्यता थोडी. तथापि तळव्यात नखे रुतू नयेत, बाही विनासायास चढावी, खांदा दुखू नये, हेही उपचाराचे फळच आहे. आणि ज्याला हात मिळू शकतो, त्याचा विचार तर पोटाच्या दृष्टीने केला पाहिजे, कारण शिंप्याचे यंत्र, रिक्षाचे सुकाणू आणि भाकरीचे पीठ यांतले काहीच एका हाताने धडपणे आवरत नाही.

हे करण्याची पात्रता आपल्याकडे नाही, असेही नाही. १९५२-५३ च्या सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारत सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशातील पहिली भौतिकोपचार शाळा निघाली, आणि १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या व्यवसायाला राष्ट्रीय चौकटही मिळाली आहे. उणीव आहे ती त्यांना रुग्णाच्या तालुक्यापर्यंत नेण्याच्या इच्छाशक्तीची. उपजिल्हा रुग्णालयांत व ग्रामीण रुग्णालयांत भौतिकोपचारतज्ज्ञांची कायम पदे मंजूर करून ती भरावीत, शासकीय विमायोजनांत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या भौतिकोपचाराच्या खर्चाची तरतूद करावी, आणि हाताच्या स्थितीची लेखी नोंद व पुढील उपचाराचा आराखडा दिल्यावाचून पक्षाघाताच्या कोणत्याही रुग्णास घरी पाठवू नये, एवढ्या तीन मागण्या आरोग्य खात्याने मान्य कराव्यात. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी घरी जाण्याचे कागद हाती घेण्यापूर्वी डॉक्टरांना हाताविषयी आग्रहाने विचारावे.