जागणाऱ्यांची झोप

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की दाराबाहेर ताटकळलेले नातेवाईक शल्यविशारदांपुढे हात जोडतात. रुग्णाला भूल कोणी दिली, हे त्यांना सहसा ठाऊक नसते. ज्याने काही तास त्या रुग्णाचा श्वास अक्षरशः आपल्या हाती धरला होता, तो तोवर पुढच्या रुग्णाकडे वळलेला असतो. सरकारी रुग्णालयात मध्यरात्रीनंतर हे काम बहुधा पंचविशी-तिशीतला एखादा निवासी डॉक्टरच करीत असतो.

एमबीबीएसनंतर भूलशास्त्राचे एम.डी. होण्यास तीन वर्षे लागतात. ‘भूल देणे’ हा शब्दप्रयोग तसा फसवाच. झोपविणे हा त्यातला सोपा भाग. खरी विद्या रुग्णाला त्या झोपेत सांभाळण्याची आणि वेळेवर जागे करण्याची. स्नायू शिथिल करणारे औषध शिरेत गेले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. प्राणवायू पोहोचला नाही, तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. गर्भवतीच्या शरीरातील साठा तर आणखी लवकर संपतो, आणि पोट भरलेले असेल तर अन्न फुप्फुसांत उतरण्याचे भय वेगळेच. म्हणून सिझेरियनसाठी शक्यतो पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. तरीही रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. अशा वेळी यंत्राच्या पडद्यावर खिळलेले डोळे किती तास मिटलेले नाहीत, हे कोण विचारतो? वैमानिकाच्या कामाच्या तासांना नियमाने मर्यादा आहे, आणि प्रवाशांना ती योग्यच वाटते.

मर्यादा येथेही आहे, पण कागदावर. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार सलग काम सामान्यतः १२ तासांहून व आठवड्याचे ४८ तासांहून अधिक नसावे. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीने आकडाच टाळून ‘वाजवी’ तासांवर भागविले. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. तीन दशकांत अपेक्षाच २६ तासांनी खाली आली!

‘आम्हीही असेच शिकलो’ हे ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले. त्यात तथ्य नाही असे नाही. हात सरावानेच बसतो, आणि कठीण प्रसंग रात्रीच अधिक शिकवितात. परंतु गुरुगृही लाकडे फोडणाऱ्या शिष्याच्या हाती दुसऱ्याचे प्राण नव्हते.

शिवाय हा भार केवळ शिक्षणाचा नाही. तालुक्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असते, प्रसंगी स्त्रीरोगतज्ज्ञही असतो, भूलतज्ज्ञ नसतो. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे भूल-प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना याच उणिवेतून आली. तोही नसला, की अडलेल्या बाळंतिणीला घेऊन रुग्णवाहिका मध्यरात्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात उभी राहते, आणि त्याच निवासी डॉक्टरला पुन्हा बोलावणे जाते. रिक्त पद एका गावात, जागरण दुसऱ्या गावात.

तालुक्याची पदे भरल्याखेरीज महाविद्यालयातील रात्र हलकी होणार नाही. तोवर निदान १९९२ चा नियम पाळला जातो की नाही, एवढे तरी शासनाने तपासावे. त्यासाठी नवी समिती नको. प्रत्येक महाविद्यालयाच्या भूलशास्त्र विभागातील गेल्या महिन्याची ड्यूटीची वही मागवली तरी पुरे. अर्थात तिच्यातील नोंदी खऱ्या असतील तर.