फ्रँकेनस्टाइनचा राक्षस नेमका कुणाचा?

चपटं डोकं, मानेतून बाहेर आलेले खिळे आणि तोंडातून फक्त गुरगुरणं. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस म्हटलं की हाच चेहरा आठवतो. पण मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत यातलं काहीच नाही. तिथला राक्षस पुस्तकं वाचतो आणि आपल्या निर्मात्याशी वाद घालतो.

हा फरक आता महत्त्वाचा ठरणार आहे. युनिव्हर्सलच्या १९३१ च्या 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' या कृष्णधवल चित्रपटांचा अमेरिकेतला ९५ वर्षांचा कॉपीराइट २०२६ च्या अखेरीस संपतो.

कादंबरी ते पडदा, व्हाया नाटक

लंडनमध्ये १८२३ साली 'फ्रँकेनस्टाइन'चं नाटक आलं आणि राक्षसाची वाचा तिथेच गेली. खुद्द शेलीनेही ते पाहिलं होतं. पुढे पेगी वेब्लिंगच्या नाटकाच्या आधारे चित्रपट झाला. चपटं डोकं आणि खिळे ही मेकअपमन जॅक पिअर्सची करामत. तो चेहरा बोरिस कार्लोफने अजरामर केला.

ड्रॅक्युलाचंही तसंच. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. हॅमिल्टन डीनने १९२४ मध्ये ती रंगमंचावर आणली आणि काउंट दिवाणखान्यात वावरणारा सभ्य गृहस्थ झाला. झग्याची उंच कॉलर ही नाटकातलीच युक्ती. प्रेक्षकांकडे पाठ केली की कॉलरमागे डोकं लपायचं आणि नट गुपचूप सटकायचा. १९२७ मध्ये ब्रॉडवेवर ही भूमिका बेला लुगोसीने केली, पुढे चित्रपटातही त्यानेच.

मालकीचं भांडण जुनंच

जर्मनीत १९२२ मध्ये 'नोस्फेराटू' आला. पात्रांची नावं बदलली, पण गोष्ट ड्रॅक्युलाचीच आणि तीही विनापरवानगी. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या. कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काही वाचल्या, म्हणून तो चित्रपट आज पाहता येतो.

मग बदलणार काय?

शेली आणि स्टोकर यांच्या कादंबऱ्या आधीच सगळ्यांसाठी खुल्या आहेत. म्हणून त्यांवर कुणीही चित्रपट काढू शकतं. अडचण असते ती कार्लोफच्या चेहऱ्याची. १ जानेवारी २०२७ पासून अमेरिकेत १९३१ चे हे दोन्ही चित्रपटही खुले होतील. मात्र 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'सारख्या नंतरच्या चित्रपटांचे हक्क कायम राहतील. ट्रेडमार्कचे नियमही वेगळे आहेत. थोडक्यात, शेलीचा बोलका राक्षस केव्हाच मोकळा झाला. मुक्याची सुटका आता होतेय.