हातातला वाटाड्या

२०२४ सालच्या नरकचतुर्दशीला आम्ही अमेरिकेत डेन्व्हर येथे पुतण्याकडे होतो. पहाटे चार वाजता सौ.ने शिरस्त्याप्रमाणे घरातल्या सर्वांना उठवले. तेल, उटणे, साबण असा सगळा सरंजाम पुण्याहून सामानात बांधून नेलेला. माझी पाळी येईपर्यंत सहज खिडकीचा पडदा बाजूला सारला, तो समोरच्या घरापुढेही दिवा! क्षणभर वाटले, सातासमुद्रापलीकडे आणखी कोणीतरी अभ्यंगस्नानाला उठले आहे. पण ते पुतण्याचे शेजारी निघाले. सत्तरी ओलांडलेले, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. अंगात भडक नारिंगी रंगाचे जाकीट, डोक्यावर तसलीच टोपी, आणि मोटारीत बंदूक, दोर, पाण्याचे डबे.

"शिकारीला निघालेत," पुतण्या म्हणाला. "दिवाळी आणि त्यांचा हंगाम बहुधा बरोबरच येतात, काका."

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. कोलोरॅडोतली रीत मात्र निराळी. यंदा कोणत्या टापूत किती परवाने द्यायचे ते राज्य सरकार ठरवते. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याने शिकारीच्या शिक्षणाचा दाखला दाखविल्याशिवाय त्याला परवाना मिळत नाही. बंदुकीच्या हंगामात तो भडक पोशाखही सक्तीचा, कारण झाडीत माणसाला हरीण समजून गोळी घालणारे महाभाग असतात. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तेथे गुन्हा. हे एल्क जातीचे हरीण म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. नर तीनशे किलोपर्यंत सहज भरतो. मास्तरांच्या घरी त्या एका जनावरावर वर्ष निघते. हे ऐकून आमची शुद्ध शाकाहारी सौ. म्हणाली, "म्हणजे आपण कैरीचे लोणचे घालून ठेवतो तसेच की!" मास्तरांना हे भाषांतर करून सांगितले तेव्हा ते फार खूश झाले.

परंतु आजचा विषय हरीण नव्हे. त्यांच्या खांद्याच्या पट्ट्याला साबणाच्या वडीहून थोडे मोठे असे एक यंत्र लटकत असते, त्याविषयी सांगायचे आहे. त्याला जीपीएस म्हणतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? ते तर आमच्या मोबाईलमध्येही आहे आणि रिक्षावाल्याच्याही. खरे आहे. मीही मास्तरांना हेच म्हणालो होतो. त्यांनी उत्तर दिले नाही. ऑगस्ट महिन्यात एके दिवशी आम्हाला बरोबर घेऊन गेले. हंगामाआधी रान पाहून ठेवायची त्यांची पद्धत आहे.

डेन्व्हरच्या पश्चिमेला दोन तास मोटारीने गेलो. रस्ता संपला तेथे गाडी उभी केली. मोबाईलवर टॉवरची एकही रेघ नव्हती. मास्तरांनी यंत्राचे एक बटण दाबून गाडीची जागा त्यात नोंदवली, आणि मग खिशातून कागदाचा चिटोरा काढून तेच आकडे पेन्सिलीने त्यावर उतरवून घेतले. मला मनातून हसू आले. चालता चालता त्यांनी यंत्राचे मर्म समजावून सांगितले. शिकवायची सवय कोठे जाणार!

आकाशात सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून तीसेक उपग्रह दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी घालतात. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ. प्रत्येकजण सारखा ओरडत असतो, "मी अमका, येथे आहे आणि आता इतके वाजले आहेत." आपल्या हातातले यंत्र काही बोलत नाही, फक्त ऐकते. हाक पोचायला किती वेळ लागला यावरून ते अंतर काढते. वेळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात तीनशे मीटरची चूक! आपल्या यंत्रातले घड्याळ तर स्वस्तातले. म्हणून जागा ठरवायला तीन उपग्रह आणि घड्याळाची चूक काढायला चौथा, असे निदान चार दिसावे लागतात. खोल दरीत किंवा दाट झाडीत ते नीट दिसत नाहीत, हाक कड्यावर आपटून उशिरा येते, आणि ठिपका भलतीकडे उड्या मारू लागतो.

मुळात ही सारी योजना अमेरिकन लष्कराची. १९८३ साली वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान रशियनांनी पाडले, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी ही सोय सामान्य लोकांनाही खुली करण्याचे जाहीर केले. हाती धरायचे पहिले यंत्र बाजारात आले ते १९८९ साली. किंमत तीन हजार डॉलरच्या घरात. शिवाय लष्कराने सामान्यांच्या हाकेत मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती. ठिपका शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे सरके. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली आणि शिकारी, गिर्यारोहक, कोळी सगळ्यांचेच फावले.

मोबाईललाही उपग्रहांची हाक ऐकू येते, त्याला टॉवर लागत नाही. पण नकाशा आधीच उतरवून ठेवला नसेल तर कोऱ्या पाटीवर नुसता ठिपका दिसतो. आणि बर्फाळ थंडीत मोबाईलची बॅटरी बघता बघता मान टाकते. या यंत्राला साधे पेन्सिल सेल चालतात. संपले की बदलावे. बटणे जाड असल्यामुळे हातमोजे न काढता दाबता येतात.

परतताना मी हट्टाने यंत्र स्वतःकडे घेतले. पडद्यावर बाण होता आणि आकडा होता: गाडी सहाशे मीटर. आम्ही आलो होतो ती वाट तर चांगली वळसे घेत आली होती. मी म्हटले, बाण सांगतो तसे सरळ जाऊ. मास्तर "चला" म्हणाले. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, पण वडीलधाऱ्यांपुढे बोलला नाही. चारशे मीटरवर जमीन संपली! पुढे उभा कडा, खाली ओढा, आणि पलीकडच्या उतारावर उन्हात चमकणारी आमची गाडी. आकडा दाखवत होता दोनशे. पाखराला दोनशे, आम्हाला परत फिरून सव्वा तास लागला. मास्तरांनी वाटेत एक अक्षर उच्चारले नाही. मग म्हणाले, "हे यंत्र तुम्ही कोठे आहात ते सांगते. वाट कोठे आहे ते त्याला ठाऊक नाही." मात्र येताना टाकलेली पावले यंत्राने मुंग्यांच्या रांगेसारखी टिपून ठेवली होती. ती रांग उलटी धरली की माणूस आला त्याच वाटेने परत जातो. ही युक्ती त्यांनी मला कडा पाहून झाल्यावर सांगितली.

दिवसाढवळ्या ही माझी फजिती झाली. शिकाऱ्यावर ही वेळ येते ती बहुधा अंधारात. जनावर उजाडताना किंवा मावळताना सापडते. ते पडले की त्याचे भाग करून पाठीवरून गाडीपर्यंत न्यायचे. एकट्याच्याने चार-पाच खेपा सहज होतात. दुसऱ्या खेपेला ती जागा सापडली नाही तर मांस वाया, आणि तोवर अस्वलाला वास लागलेला. घामाने अंग भिजलेले, वर बर्फ पडू लागलेले. गारठ्याने आधी बोटे जातात, मग बुद्धी जाते, आणि वाट चुकलेला माणूस भलत्याच दिशेला भराभर चालू लागतो. दरवर्षी अशांना शोधायला गावोगावचे स्वयंसेवक रात्री डोंगर चढतात. म्हणूनच मास्तरांच्या खिशात कागदी नकाशा आणि होकायंत्रही असते. डेन्व्हरकडे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे आठ अंश पूर्वेला झुकते, हेही त्यांना पाठ.

आता या कथेचा दुसरा भाग. तो मला अधिक मोलाचा वाटला, कारण त्यात बांधाचे भांडण आहे, आणि बांधाचे भांडण म्हटले की कोणत्या मराठी माणसाचे कान टवकारत नाहीत?

१८६२ नंतर अमेरिकेच्या सरकारने आगगाडीच्या कंपन्यांना रूळ टाकण्याबद्दल जमिनी दिल्या. मोजणीदारांनी एक मैल लांब, एक मैल रुंद असे ६४० एकरांचे चौकोन आखले, आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक वाटले. काळे कंपनीला, पांढरे सरकारला. कंपनीचे चौकोन पुढे धनिकांच्या हाती गेले. सरकारी चौकोन सर्वांचे, तेथे कोणीही जावे, शिकार करावी. पण जायचे कसे? चारही बाजूंना खाजगी जमीन. दोन सरकारी चौकोन एकमेकांना भेटतात ते फक्त कोपऱ्यात, एका बिंदूपाशी. अशी निव्वळ कोपऱ्यांत अडकलेली जनतेची जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत त्र्याऐंशी लाख एकर भरते, असा हिशेब २०२२ साली ऑनएक्स या नकाशे करणाऱ्या कंपनीने मांडला.

या कंपनीची सुरुवातही मौजेची आहे. २००९ साली मोंटानातल्या मिसूला गावच्या एका इंजिनियराने हातातल्या गार्मिन यंत्रात बसणारी चिमुकली चकती काढली. ती घातली की पडद्यावर डोंगर-ओढ्यांबरोबर जमिनीची मालकीही दिसू लागे. जणू सातबारा आणि गावनकाशा एकदम तळहातावर! तोपर्यंत कोठवर आपले आणि कोठून दुसऱ्याचे, हे रानात फक्त मालकाला ठाऊक असे. पाटी त्याने लावली तेथे हद्द, असे समजून परका माणूस निमूट मागे फिरे. आता परक्याच्याही हाती नकाशा आला.

वायोमिंग राज्यात एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. तेथे एका औषध-उद्योगातल्या धनिकाची सुमारे बावीस हजार एकरांची जहागीर, आणि तिच्यात सरकारी चौकोन विखुरलेले. २०२० साली मिसुरी राज्यातले शिकारी यंत्राच्या आधाराने बरोबर कोपऱ्यावर पोचले. यंत्राची चूक काही मीटरची; बिंदू काही त्याने सापडत नाही. तो दाखविला जमिनीत रोवलेल्या मोजणीच्या खुणेने. तेथे मालकाने दोन खांब रोवून मध्ये साखळी लावली होती. खांबाला धरून ते पलीकडे गेले. २०२१ साली चौघे आले ते घरी केलेली लोखंडी शिडी घेऊन. कोपऱ्यावर शिडी उभी केली, एका सरकारी चौकोनातून चढले, दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरले. मालकाच्या जमिनीला पाऊल लागले नाही.

"जमिनीला नाही, पण माझ्या हवेला लागले!" असे मालकाचे म्हणणे. जमिनीवरची हवाही मालकाची, हा जुना कायदा आहे. फौजदारी खटला झाला; एप्रिल २०२२ मध्ये पंचांनी चौघांनाही निर्दोष सोडले. मग दिवाणी दावा आला, आणि जहागिरीची किंमत घटली म्हणून मालकाने सत्तर लाख डॉलरहून अधिक नुकसानभरपाईचा आकडा मांडला. शिडीवरून दोन पावले टाकण्याचा हा दर! आणि गंमत पाहा, ज्या नकाशाने त्यांना वाट दाखविली तोच साक्षीला उभा करण्यात आला. एका शिकाऱ्याच्या नकाशात एक खूण मालकाच्या जमिनीवर पडलेली आढळली. म्हणजे तो तेथे गेलाच असणार, असा युक्तिवाद. पण अशी खूण घरी खुर्चीत बसूनही नकाशावर ठेवता येते. मास्तर हे सांगताना म्हणाले, "माझ्या यंत्रात तर हिमालयातही एक खूण आहे!"

मे २०२३ मध्ये संघीय न्यायाधीशांनी शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २०२५ मध्ये डेन्व्हरच्याच अपील न्यायालयाने तो कायम केला. आधार कोणता? सार्वजनिक जमिनीला कुंपण घालून लोकांची वाट अडवू नये, असे सांगणारा १८८५ चा कायदा! उपग्रहांच्या युगातले भांडण गुराख्यांच्या काळातल्या कायद्याने मिटले. मालक सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. या निकालाची हद्द वायोमिंग, कोलोरॅडो अशा सहा राज्यांपुरती आहे. मोंटाना दुसऱ्या न्यायालयाच्या कक्षेत येते. ज्या गावात तो नकाशा जन्मला तेथल्या शिकाऱ्याला या निकालाचा आधार नाही.

बातमी ऐन दिवाळीत आली. पुतण्याचा पुण्याला फोन आला तो फराळाची चौकशी करायला, पण सौ.ने मास्तरांचे काय म्हणून विचारले. ते आनंदात आहेत, म्हणाला.

"मग शिडी घेतली का त्यांनी?"

"नाही काकू, गुडघे दुखतात त्यांचे. पण यंत्राला नवे सेल घेतले आहेत. आणि तुमची चकली संपली, ती रानात नेली होती म्हणे."