शितावरून भाताची परीक्षा

घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले की त्या घरातील सर्वांचे कान ‘नवे औषध’ या दोन शब्दांकडे लागतात. मुंबईचा नातेवाईक फोन करतो, परदेशी असलेला भाचा कुठले तरी कात्रण पाठवतो आणि दागिने मोडण्याची भाषा सुरू होते. ही धडपड मायेपोटी असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच फुप्फुसाच्या कर्करोगावरील एका उपचाराविषयी गेल्या काही वर्षांत आधी जी आशा निर्माण झाली आणि मागाहून जी निराशा पदरी आली, तिचा विचार गोमंतकीय वाचकांनी शांतपणे करावा असे आम्हास वाटते.

फुप्फुसाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत सापडला तर शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय होय. परंतु अनेक रुग्ण वृद्ध असतात, कुणाचे हृदय दुबळे असते, तर कुणाची फुप्फुसे धूम्रपानाने आधीच जीर्ण झालेली असतात. अशांसाठी गाठीवर अनेक दिशांनी अचूक रोखलेला तीव्र किरणोपचार प्रचारात आला. आठवडाभराच्या मोजक्या बैठकांत तो आटोपतो आणि ज्या जागेवर किरण पडतात ती जागा बहुतेक रुग्णांत काबूत राहते. पुढे धोका उरतो तो रोग दुसरीकडे डोके वर काढण्याचा.

हा धोका टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी शरीराच्या प्रतिकारशक्तीचीच मदत घेण्याचे योजिले. आपल्या रक्तातील संरक्षक पेशींना एक प्रकारचा लगाम असतो आणि कर्करोग तोच लगाम खेचून त्यांना निष्प्रभ करतो. क्योतो येथे तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये असा एक लगाम, ‘पीडी-१’, शोधून काढला. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांनी दुसऱ्या लगामावर काम केले. २०१८ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. लगाम सैल करणारी औषधे आज अनेक कर्करोगांत प्राण वाचवीत आहेत. किरणांनी फुटलेल्या कर्कपेशींचे अवशेष पाहून संरक्षक पेशींना शत्रूची ओळख पटेल आणि त्याच वेळी औषधाने लगाम सुटला तर शरीरात लपलेला रोगही मारला जाईल, असा हा तर्क होता. तर्क सुंदर होता यात वाद नाही.

तो कसाला लावण्याचे काम अमेरिकेतील टेक्सास राज्यातील तीन रुग्णालयांत झाले आणि २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्यावर प्रत्यक्ष उपचार झाले अशा १४१ रुग्णांपैकी ७५ जणांना केवळ किरणोपचार आणि ६६ जणांना त्याच्या जोडीला निवोलुमॅब हे औषध मिळाले. चार वर्षांनी रोग न उलटता जिवंत राहण्याचे प्रमाण केवळ किरणांच्या गटात ५३ टक्के, तर जोडउपचारात ७७ टक्के दिसले. औषधाच्या गटातील सुमारे १५ टक्के रुग्णांना गंभीर स्वरूपाचे विपरीत परिणाम भोगावे लागले, हेही त्या अहवालात नमूद होते. गाजावाजा मात्र ७७ या आकड्याचाच झाला.

त्यानंतरची कथा तितकीशी कानांवर आली नाही. याच कल्पनेवर, पेम्ब्रोलिझुमॅब हे त्याच जातीचे दुसरे औषध घेऊन, अनेक देशांत एक मोठी चाचणी चालू होती. तिच्यात एका गटाला औषध व दुसऱ्याला औषधासारखेच दिसणारे निर्गुण द्रावण दिले जात होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ही चाचणी मध्येच थांबविण्यात आली. रोग उलटण्याच्या बाबतीत वा आयुर्मानात औषधाने लाभ दिसला नव्हता. उलट विपरीत परिणाम वाढले होते.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण रांधपात खरी ठरते, कारण एका भांड्यातला भात एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांचे तसे नसते. तीन रुग्णालयांतील १४१ माणसांवरून साऱ्या जगाच्या रुग्णांचे अनुमान काढता येत नाही. पहिल्या चाचणीत कुणाला औषध मिळते आहे हे डॉक्टर व रुग्ण या दोघांनाही ठाऊक होते, हीदेखील एक मर्यादाच. म्हणून तिचे संशोधक खोटे ठरत नाहीत. मोठ्या चाचणीची गरज पटवून देणे हेच लहान चाचणीचे काम असते, आणि ते तिने केले.

येथे कुणी म्हणेल, बुडत्याला काडीचाही आधार. त्याला हे आकडे कशाला ऐकविता? आमचे उत्तर असे की, आरंभीच्या अवस्थेतील हा रुग्ण बुडता नव्हेच. त्याच्या हाती सिद्ध उपचार आहे. निव्वळ किरणोपचार घेणाऱ्या त्या ७५ जणांत एकालाही तितका गंभीर विपरीत परिणाम झाला नाही. अशा माणसाला सिद्ध न झालेल्या औषधासाठी भाटाचा तुकडा विकायला लावणे ही दया नव्हे. रोग पुढच्या अवस्थेत गेलेल्यांची गोष्ट वेगळी. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या तिसऱ्या अवस्थेत, किरण व रसायनोपचारानंतर दुर्वालुमॅब दिल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३३ वरून जवळजवळ ४३ टक्क्यांवर जाते, हे मोठ्या चाचणीने दाखविले आहे. औषध तेच असले तरी अवस्था बदलली की न्याय बदलतो, आणि तो तज्ज्ञानेच करावा.

खर्चाच्या प्रश्नालाही चाचणीनेच उत्तर मिळू शकते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगात निवोलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, इतर औषधांच्या जोडीला देऊन पाहिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष फुप्फुसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपल्या रुग्णांसाठी आपणच प्रश्न विचारावयास हवेत, हा धडा त्यातून खचित मिळतो.

गोव्यापुरते बोलायचे तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू सेवनाचे प्रमाण येथे ९.७ टक्के, देशात सर्वांत कमी, आढळले. धूम्रपान व थुंकण्यास बंदी घालणारा कायदा या राज्याने १९९७ मध्येच केला. या गोष्टी भूषणावह खऱ्या. पण धूर न ओढणाऱ्यांनाही हा रोग गाठतो, आणि क्षयाच्या संशयात त्याचे निदान महिनोन् महिने लांबते. आरंभीच्या अवस्थेवरील उपचारांची चर्चा ज्याचा रोग आरंभी सापडला त्याच्याच कामाची. धूम्रपानाचा दीर्घ इतिहास असलेल्यांची सौम्य सीटी तपासणी केल्यास या रोगाने होणारे मृत्यू छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील मोठ्या पाहणीने २०११ मध्येच दाखविले आहे. सरकारने प्रथम अशा तपासणीची व अचूक किरणोपचाराची सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आणावी. नागरिकांनीही तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला वा थुंकीतील रक्त काढ्यांवर न निभावता डॉक्टरांना दाखवावे.

विज्ञान चुकते आणि आपली चूक स्वतःच जाहीर करते. त्याचा भरवसा वाटावा तो यासाठीच. नव्या औषधाची वार्ता आली की ‘किती रुग्णांवर आणि कोणत्या अवस्थेत?’ हे दोन प्रश्न प्रत्येक घराने डॉक्टरांना विचारावेत. उत्तर ऐकून मगच दागिन्यांच्या पेटीला हात लावावा.