शंभर पौंडांचं पत्र आणि दुकानाची पावती

सुपरमार्केटच्या पार्किंगवरून शंभर पौंडांचं पत्र घरी आलं की आपल्या मंडळात सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष त्याच संध्याकाळी सवलतीचे साठ पौंड भरून मोकळा होतो आणि कुणाजवळ बोलतही नाही. दुसरा ते पत्र फाडून रिसायकलिंगच्या डब्यात टाकतो आणि भेटेल त्याला तसंच करायला सांगतो. माझ्या मते दोघांचंही चुकतं. तुम्ही खरोखर त्या दुकानात खरेदी करत असाल तर दाद मागायला हवी. फक्त कुठला मुद्दा कुणापुढे मांडायचा याचं भान हवं. माझ्या पाहण्यात जी अपिलं फसली, त्यातल्या अनेकांचा मुद्दा खरा होता, पण तो नको त्या दारात नेलेला होता.

आधी हे पत्र म्हणजे काय ते बघू. कौन्सिलने रस्त्यावर लावलेला दंड वेगळा, त्यामागे कायद्याने दिलेला अधिकार असतो. सुपरमार्केटच्या आवारातलं पत्र खाजगी कंपनीचं असतं. तुम्ही गाडी लावलीत म्हणजे फलकावरच्या अटी मान्य केल्यात, त्या मोडल्यात, म्हणून आमचे पैसे द्या, एवढंच तिचं म्हणणं. म्हणजे ते एक बिल आहे. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, कंपनी गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या डीव्हीएलएला प्रत्येक गाडीमागे अडीच पौंड भरून मालकाचं नाव-पत्ता घेते आणि पत्र धाडते. अशी मागणी डीव्हीएलएकडे वर्षाला एक कोटीहून जास्त वेळा होते. फोटो, लाल चौकटी, संदर्भ क्रमांक असा पत्राचा थाट सरकारी वाटावा असाच असतो आणि व्हिसावर राहणारा माणूस त्यालाच बिचकतो. ‘पुढे आयएलआरला (कायम राहण्याच्या परवान्याला) अडचण नको’ म्हणून पैसे भरणारे मी कितीतरी पाहिले आहेत. पार्किंगचं बिल हा गुन्हा नव्हे आणि त्याची पोलिसात नोंद होत नाही. अडचण येऊ शकते ती कोर्टाच्या कागदांकडे दुर्लक्ष केल्यावर. त्याबद्दल पुढे.

‘फाडून टाक’ म्हणणाऱ्यांची बाजू एके काळी बरोबर होती, हेही सांगायला हवं. 2012 पूर्वी खाजगी कंपनीला गाडी कोण चालवत होतं हे सिद्ध करावं लागे आणि ते तिला क्वचितच जमे. मग प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जागेत चाकाला क्लॅम्प लावणं बंद झालं, आणि त्याच्या बदल्यात कंपन्यांना ठरावीक अटी पाळल्यास गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागायची मुभा मिळाली. ज्या काकांनी 2009 मध्ये पत्र फाडलं आणि ज्यांचं काही बिघडलं नाही, त्यांचा सल्ला अजून व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मधल्या काळात कायदा बदलला, हे कुणी त्या काकांना सांगितलेलं नाही.

उरलीसुरली आशा 4 नोव्हेंबर 2015 रोजी संपली. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तास पार्किंग मोफत होतं. बॅरी बीव्हिस नावाचे गृहस्थ तिथे 56 मिनिटं जास्त थांबले. पार्किंग-आय कंपनीने 85 पौंड मागितले. हे थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि सात न्यायाधीशांपैकी सहांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून प्रत्येक पार्किंग कंपनी आपल्या उत्तरात बीव्हिसचं नाव घेते आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं, आता बोलायला जागाच नाही.

पण तो निकाल कशावर उभा आहे? कंपनीचं प्रत्यक्ष नुकसान काहीच झालं नव्हतं. तरीही ही रक्कम अवाजवी दंड ठरत नाही, कारण जागा अडवून ठेवली जाऊ नये आणि दुकानांच्या गिऱ्हाइकांना ती मिळत राहावी यात कंपनीचं न्याय्य हित आहे, असं बहुमताने मानलं. शिवाय फलक मोठे आणि स्पष्ट होते, आवारात सुमारे वीस होते. म्हणजे एवढी रक्कम मागायचं समर्थनच मुळी गिऱ्हाइकाच्या नावाने झालेलं आहे. आणि त्या खटल्यातली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: व्यवस्थापन करण्यासाठी जागेच्या मालकाकडून पैसे घेण्याऐवजी कंपनीच मालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती. अटी मोडणाऱ्यांच्या पैशावरच जो धंदा चालतो, त्याला प्रत्येक जण वेळेत निघून गेला तर परवडेल कसं? अशा ठिकाणी सुक्याबरोबर ओलंही जळतं आणि जळलं तरी कंपनीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुकानाचं. म्हणून पहिली दाद दुकानाकडे.

गेल्या गणपतीतलं उदाहरण घ्या. मंडळाच्या महाप्रसादाचं सामान आणायला आमच्यातल्या एक काकू गेल्या. सोबत सासूबाई, त्यांना चालायला काठी लागते. दुकानाची मर्यादा दीड तासाची. दूध, दही, कागदी ताटल्या, मटार असं सगळं घेऊन पैसे दिले, गाडीपाशी आल्यावर कोथिंबीर राहिल्याचं लक्षात आलं, पुन्हा आत. पुढच्या आठवड्यात पत्र. त्यावर दोन फोटो: आत येताना पुढची पांढरी पाटी, बाहेर जाताना मागची पिवळी, खाली सेकंदापर्यंत वेळ. काकूंनी दोन्ही पावत्या शोधून काढल्या. एक फ्रीजवर चुंबकाखाली होती, दुसरी पिशवीच्या तळाशी, शाई उडत चाललेली, पण वेळ वाचता येत होती. त्या घेऊन त्या दुकानाच्या कस्टमर सर्व्हिसच्या खिडकीवर गेल्या. तिथल्या मुलीने पत्रावरचा क्रमांक, गाडीचा नंबर आणि पावत्यांची रक्कम एका फॉर्मवर उतरवून घेतली. थोड्याच दिवसांत रद्द केल्याची ईमेल आली. काकूंनी ना कायदा काढला, ना बीव्हिसचं नाव घेतलं. ‘आम्ही तुमचंच सामान घेत होतो, ही पावती,’ एवढ्यावर काम झालं.

खिडकीवर ‘पार्किंगशी आमचा संबंध नाही’ असं उत्तरही मिळतं. ते ऐकून परत फिरू नका. ज्याने कंपनी नेमली तो तिला पत्र रद्द करायला सांगू शकतो. मॅनेजरला भेटा, तिथे नाही जमलं तर दुकानाच्या मुख्य कार्यालयाला लिहा. जागा दुकानाची नसून रिटेल पार्कच्या मालकाची असेल तर त्याच्या मॅनेजिंग एजंटला लिहा. पावती हरवली असेल तर बँकेच्या ॲपमधली नोंद किंवा लॉयल्टी कार्डावरची खरेदी दाखवा. दुकानाला आपण पत्र लिहितो ते नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून, आणि त्याच सुरात लिहावं: किती वर्षं येतो, त्या दिवशी किती खर्च केला, पुढे यायचं की नाही हे कशावर अवलंबून आहे. हे धमकावणं नव्हे. दुकानदाराला जे ऐकायला हवं तेच आपण सांगतो.

हे चालू असताना कंपनीकडे अपील करायची मुदत मात्र पळत असते. साधारण 28 दिवस. दुकानाच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका, दोन्ही एकदम करा. आणि सवलतीच्या 14 दिवसांच्या आत अपील केलंत तर ते फेटाळताना साठ पौंडच भरायची सवलत सहसा पुन्हा देतात.

कंपनीने नाही म्हटलं की पुढची पायरी कंपनीबाहेरच्या अपील सेवेची. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल तर पॉपला, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर आयएएस. कुठे जायचं ते नकाराच्या पत्रात लिहिलेलं असतं. पॉपलाला आपल्याला एक पैसाही द्यावा लागत नाही आणि तिचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. एकच गोष्ट लक्षात घ्या: इथे आलात की स्वस्तातले साठ पौंड गेले. हरलात तर पूर्ण रक्कम.

आणि इथेच आपले लोक फसतात. पॉपलाला तुम्ही मटार घेत होता की नव्हता याच्याशी फारसं देणंघेणं नाही. ती बघते अटी काय होत्या, त्या नीट दाखवल्या होत्या का, त्या मोडल्या का आणि कंपनीने आपले नियम पाळले का. सासूबाईंच्या गुडघ्यांची सविस्तर हकिकत दुकानाच्या मॅनेजरला पटते, पॉपलाच्या फाइलमध्ये ती निव्वळ सहानुभूतीची मागणी ठरते. (दीर्घकाळच्या अपंगत्वामुळे जास्त वेळ लागत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे 2010 च्या इक्वॉलिटी ॲक्टचा आधार आहे आणि तो स्पष्ट शब्दांत मांडावा.) इथे उपयोगी पडतात ते कोरडे मुद्दे. फलक रात्री दिसत होता का? त्यावर रक्कम ठळक होती का? कॅमेरा गाडी आत-बाहेर जाताना टिपतो, ती लावलेली किती वेळ होती हे त्याला कळत नाही. जागा शोधण्यात आणि बाहेर पडायच्या रांगेत गेलेला वेळ तो पार्किंगमध्येच धरतो. ठरलेल्या वेळेनंतर निघायला किमान 10 मिनिटं द्यावीत, असं दोन्ही संघटनांच्या 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या एकत्रित नियमावलीत आहे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गेलात, आणि मधलं बाहेर जाणं कॅमेऱ्याने चुकवलं, तर दिवसभर गाडी तिथेच होती असं पत्र येतं. दुकानातल्या स्क्रीनवर नंबर टाकताना इंग्रजी ओऐवजी शून्य दाबलं गेलं, तर अशी किरकोळ चूक कंपनीने माफ करायला हवी.

सगळ्यात कोरडा आणि सगळ्यात धारदार मुद्दा तारखेचा. गाडीच्या काचेवर काही न लावता नुसत्या कॅमेऱ्यावरून पत्र पाठवलं असेल, तर ते घटनेनंतर 14 दिवसांत धारकाच्या हाती पोचायला हवं. उशिरा आलं तर प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टखाली धारकाकडे पैसे मागता येत नाहीत, फक्त चालकाकडे. आणि चालक कोण हे सांगायला धारक बांधील नाही. पण आपल्याला रामायण पहिल्या कांडापासून सांगायची सवय. ‘मी गाडी लावली, मी आत गेले, मला उशीर झाला’ असं पहिल्याच ओळीत लिहून टाकतो आणि हातातला मुद्दा स्वतःच कंपनीला देतो. खोटं अजिबात लिहू नये. पण ‘गाडीतून आलेल्यांनी खरेदी केली, ही पावती’ हेही खरंच आहे.

आता यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दीड तास असं फलकावर लिहिलं होतं, तुम्ही जास्त थांबलात, मग कुरकुर कसली? स्टेशनजवळच्या दुकानांत मर्यादा नसेल तर सकाळी सात वाजताच सगळं आवार लंडनला जाणाऱ्यांच्या गाड्यांनी भरेल, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून मर्यादेला माझा विरोध नाही. सुपरमार्केटमध्ये गाडी ठेवून जो लॉर्ड्सवर कसोटी बघायला गेला, त्याने पैसे भरावेत. चघळायच्या गोळ्यांची पावती दाखवून त्याने गिऱ्हाईक म्हणवून घेऊ नये. माझा वाद एवढाच, की ज्या माणसासाठी जागा राखायची, त्यालाच जाळ्यात धरून व्यवस्था चालवायची असेल तर तिचं समर्थन पोकळ होतं. हे फक्त मला वाटतं असंही नाही. खाजगी पार्किंगच्या नियमावलीबाबतचा कायदा संसदेने 2019 मध्ये केला, सरकारने 2022 च्या फेब्रुवारीत नियमावली काढली, कंपन्या कोर्टात गेल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती मागे घेतली गेली. 2025 च्या जुलैमध्ये पुन्हा लोकांची मतं मागवली. तोवर कंपन्यांच्या संघटनांनी स्वतःच लिहिलेल्या नियमांवर कारभार चालू.

शेवटी कोर्ट. वसुली कंपन्यांची पत्रं येतात, त्यात सत्तर पौंडांपर्यंत वाढवलेले असतात. ती भाषेने घाबरवतात, पण कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुमच्या दारात बेलिफ येऊ शकत नाही. ‘लेटर ऑफ क्लेम’ आणि त्यानंतरचा कोर्टाचा क्लेम फॉर्म मात्र कधीही बाजूला ठेवायचा नाही. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो, महिनाभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं नोंदीत राहतो, घराचं कर्ज अडतं. नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी निकालांबद्दल विचारतात. म्हणजे आयएलआरवाल्यांनी भ्यायचंच असेल तर इथे भ्यावं. आपल्यातले तरुण दर वर्षी भाड्याचं घर बदलतात आणि गाडीच्या लॉगबुकवर जुनाच पत्ता राहतो. सगळी पत्रं त्या पत्त्यावर जातात, आणि निकाल लागल्याचं कळतं ते मॉर्गेजचा अर्ज नाकारल्यावर. डीव्हीएलएकडे पत्ता बदलणं फुकट आहे आणि ऑनलाइन होतं.

मंडळापुरती एक सूचना. उत्सवाच्या सामानाच्या पावत्या आपण कार्यक्रम संपताच खजिनदारांकडे देतो, आणि पार्किंगचं पत्र येतं तोवर त्या फाइलमध्ये पुरलेल्या असतात. देण्याआधी फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवा, तळाशी छापलेली वेळ वाचता येईल असा.