अर्धी शिवलेली गोधडी

घरातील वडीलधाऱ्या माणसाने सत्तरी ओलांडली की घरात एक नवी भाषा सुरू होते. ‘आता पुरे’, ‘कशाला दगदग करता’, ‘तुम्ही नुसते बसा’. बोलणाऱ्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या मायेपायी आधी हातातील सुई जाते, मग सकाळचे फिरणे जाते, आणि दारात कुत्रा असेल तर त्याची साखळीही दुसऱ्याच्या हाती जाते. उरतात ती एक खुर्ची आणि दूरदर्शन संच.

जुन्या पनवेलात राहणाऱ्या, आमच्या परिचयातील एका शहात्तर वर्षांच्या बाईंच्या घरी हेच घडू घातले होते. नाव छापू नये, एवढीच त्यांची अट. गोधड्या शिवणे हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. रस्त्यावरून आलेला आणि मग जाण्याचे नाव न घेतलेला ‘मोती’ हा त्यांचा सोबती. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले आणि मुलांनी ठरवून टाकले की शिवणकाम बंद, मोतीलाही दुसरे घर पाहायचे. बाईंनी वाद घातला नाही. “हाती घेतलेली गोधडी अर्धी आहे, तेवढी पुरी होऊ द्या,” इतकेच त्या म्हणाल्या. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला होताच. सुई हाच व्यायाम झाला. तेव्हापासून एक गोधडी संपण्यापूर्वी त्या दुसरीचे थर मांडून ठेवतात. त्यामुळे त्यांच्या घरी एक तरी गोधडी नेहमीच अर्धी असते.

गोधडी शिवताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नेसून नेसून मऊ झालेली सुती लुगडी, धोतरे, साड्या धुऊन, वाळवून, उसवून घ्यायच्या. त्यांचे थर एकावर एक अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. कच्च्या टाक्यांनी ते जागी बांधायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत मध्याकडे सरकायचे. पनवेलच्या दमट हवेत तीन-चार थर पुरेत, असे बाईंचे मत; देशावरच्या जाड वाकळेखाली येथे माणूस घामाने भिजेल. उत्तर कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रियाही अशाच, कडेकडून मध्याकडे जाणाऱ्या ‘कवंदी’ शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांना रंगीत चिंध्यांच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. त्यांच्यावाचून कवंदी उघडी दिसते, अशी त्यांची समजूत आहे.

आता आरोग्याकडे येऊ. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधिका डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ जणांना घेऊन एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली छापून आले. काहींना गोधडीकाम शिकवले, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. दुसरीकडे काहींना सहली, गप्पा, चित्रपट असा सुखाचा पण नवे काही न शिकवणारा कार्यक्रम दिला. शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती नुसती करमणूक करणाऱ्यांपेक्षा सुधारलेली आढळली. छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा लाभ अधिक स्पष्ट होता. गोधडीप्रेमींना हे थोडे खटकेल. पण त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मेंदूला खाद्य मिळते ते न जमणारी गोष्ट जमवताना. चाळीस वर्षे एकाच पद्धतीचा टाका घालणाऱ्या आजींचा हात चालतो, पण डोके विश्रांती घेत असते. त्यांनी कोपऱ्यांची फुले शिकावी, चौकटीऐवजी गोलाकार मांडणी करून पाहावी, नातवाच्या मदतीने प्रत्येक गोधडीचे छायाचित्र काढून ठेवावे. आमच्या बाईंनी हे शेवटचे काम सुरू केले आहे. छायाचित्रांत गोधडीपेक्षा मोतीचे शेपूटच अधिक येते, ही गोष्ट वेगळी.

डोळ्यांविषयी तरुण मंडळींना कल्पना नसते. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. तेव्हा “एवढा उजेड आहे की!” असे आईला म्हणण्यापूर्वी विचार करावा. शिवणकाम दिवसा, खिडकीपाशी करावे. उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. सुई ओवायला त्रास होत असेल तर पातळ तारेची एक चिमुकली पट्टी शिवणसामानाच्या दुकानात मिळते, ती वापरावी. वीस मिनिटांनी मान वर करून दूरचे झाड पाहावे आणि अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन यावे. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा हट्ट नको. गोधडी पलंगावर किंवा जेवणाच्या मेजावर पसरावी, नको असलेला भाग गुंडाळून ठेवावा आणि खुर्चीत बसून शिवावे.

मधुमेहींनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. बोटांची संवेदना मंदावली असेल तर सुई टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळल्यावर ध्यानात येते. अंगुस्तान घालूनच शिवावे, काम संपल्यावर बोटे उजेडात नीट पाहावीत. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. सुया मोजून डबीत ठेवाव्यात. हरवलेली सुई शोधण्यास लोहचुंबकाचा तुकडा फार उपयोगी पडतो. अनवाणी फिरणाऱ्या घरात तर तो असावाच.

मोती रोज पहाटे साडेपाचला दाराशी येऊन उभा राहतो. त्याला रविवार कळत नाही, सांधेदुखी कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. हे वाचून कोणी उठत नाही. दाराशी उभ्या असलेल्या प्राण्याकडे पाहून माणूस उठतो. वडाळे तलावाच्या काठाने दोघांची फेरी होते. बाई पाण्यावरचे बगळे पाहतात, मोती वास घेत थांबतो, म्हणून त्याही थांबतात. वयाला ही चाल मानवते. महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा त्यांना कर्नाळ्याला नेतो. १९६८ साली घोषित झालेले हे अवघ्या १२ चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य पनवेलकरांच्या उंबऱ्यावरच आहे. किल्ल्याचा सुळका महामार्गावरूनही दिसतो. तिथे गड चढण्याचा अट्टहास न करता खालच्या सावलीतील वाटेने हळू चालले तरी भृंगराजाची शीळ कानी पडते. मोती त्या दिवशी घरी राहतो. अभयारण्यात पाळीव प्राणी नेऊ नयेत.

मुलांची भीती मात्र निराधार नव्हती. अमेरिकेतील एका अभ्यासानुसार पासष्टीपुढील व्यक्तींची, दोरीने बांधलेल्या कुत्र्याला फिरवताना झालेली हाडमोड २००४ साली अंदाजे १६७१ होती, ती २०१७ साली ४३९६ पर्यंत गेली. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. कुत्र्याला घालवून देणे हा यावरचा एकच उपाय नव्हे. साखळी मनगटाभोवती गुंडाळू नये, हातात धरावी. ओढ बसली तर सोडून देता आली पाहिजे. गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा घातल्यास कुत्र्यावर ताबा चांगला राहतो. पायांत टाचेला पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे हवीत, सपाता नकोत. शिवणाचा किंवा वाचनाचा चष्मा घालून रस्त्यावर उतरू नये. द्विनाभी चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी अस्पष्ट दिसते आणि पाऊल चुकते. फिरण्यासाठी केवळ लांबचा चष्मा वेगळा करून घेतलेला बरा. आमच्या बाई घरातच पडल्या होत्या, रस्त्यावर नव्हे, हेही त्यांच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे होते. न्हाणीघरातील दांडी आणि खरखरीत पायपुसणे यांची किंमत मोतीला घालवण्याच्या मनस्तापापेक्षा कितीतरी कमी आहे.

पावसाळ्यात गाढी नदीच्या काठच्या या गावात पाणी साचते. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला फिरवू नये आणि आपणही चालू नये. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या लहानशा भेगेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगावे. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्यावी. तरीही चावा किंवा ओरखडा झाला, मग तो घरच्या कुत्र्याचा का असेना, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, लगेच दवाखाना गाठावा आणि लशीच्या पुढच्या मात्रा अर्धवट सोडू नयेत.

नव्या बाळासाठी दुपटे-गोधडी शिवणाऱ्या आजींना एक सूचना. जुन्या साड्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेल्या असतात. त्या गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे, ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळात ही कमतरता आहे की नाही हे आपल्याला आधी ठाऊक नसते. म्हणून असे कापड बाळासाठी वापरूच नये. कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवलेले घ्यावे. आणि वर्षाच्या आतील बाळ झोपले असताना सैल पांघरूण त्याच्या तोंडावर येईल अशी गोधडी घालू नये. गोधडीचा मान ते थोडे मोठे झाल्यावर होईल.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी गोधडी पांघरायला उत्तम, पण पाठीखाली नको. टाक्यांच्या उंचवट्यांनी आणि गाठींनी नाजूक त्वचेवर दाब पडतो. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या अशा गोधडीत घालू नयेत, त्या घाम शोषत नाहीत आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. ओली गोधडी किती जड होते हे ज्याने पिळली त्यालाच ठाऊक. ती धुण्याचे आणि दोरीवर टाकण्याचे काम तरुण हातांचे.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या शुश्रूषेतही कापडाचा मोठा उपयोग होतो. सुई-कात्री दूर ठेवून मऊ चिंध्यांची टोपली त्यांच्यापुढे द्यावी. रंगांप्रमाणे वेगळ्या करणे, घड्या घालणे, काठावरून बोट फिरवणे, यांत अस्वस्थ हात शांत होतात. “ही साडी कोणाची, आठवते का?” अशी परीक्षा मात्र घेऊ नये. “ही ताईच्या लग्नातली, हिरवी,” असे आपणच सांगावे. पुढचे त्यांना सुचले तर त्या बोलतील. आईच्या निधनानंतर तिच्या साड्यांचे काय करावे, हा प्रश्न पुष्कळ घरांत महिनोन्महिने कपाटात बंद राहतो. त्या साड्यांची गोधडी करावी. घाई करू नये, कापड थांबते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घरातील वृद्ध व्यक्तीला अचानक रुग्णालयात न्यावे लागले तर कुत्र्याकडे कोण पाहणार, त्याचे खाणे काय, लस कधी झाली, हे एका कागदावर लिहून औषधांच्या यादीशेजारी लावून ठेवावे. शेजाऱ्याला आधी विचारलेले असावे. तसेच शिवणारी व्यक्ती उठताना सुई बहुधा गोधडीतच टोचून ठेवते. घरातील दुसऱ्या कोणी ती गोधडी उचलण्यापूर्वी सुई काढून डबीत ठेवावी, आणि टाका कुठवर आला होता तेथे रंगीत दोऱ्याची खूण करावी.