बसून खेळायची शर्यत

राजापेठच्या चौकात कुणाला 'कयाक' म्हणजे काय असे विचारले, तर गोव्याच्या सहलीत पाहिलेली प्लास्टिकची रंगीत होडी आठवेल. जागतिक स्पर्धेत आणि ऑलिंपिकमध्ये धावते ती स्प्रिंट कयाक वेगळी असते. लांबी पाच मीटरच्या थोडी वर, वजन जेमतेम बारा किलो आणि रुंदी इतकी कमी, की नवखा माणूस बसल्या बसल्या पाण्यात पडतो. खेळाडू पुढे तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे डावी-उजवीकडे मारत जातो. कनूमध्ये एक गुडघा टेकवून एकाच पात्याचे वल्हे मारायचे असते. संथ पाणी, सरळ रेषेत आखलेल्या लेन, २००, ५०० किंवा १००० मीटर अंतर. नियम म्हणून एवढे कळले तरी पुरे.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांसाठी प्रथम खेळला गेला तो १९३६ साली, बर्लिनला. योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. पुढे कबड्डी आणि मल्लखांबाने मोठी मजल मारली. वल्ह्याकडे मात्र वऱ्हाडाने फारसे पाहिले नाही.

ते आता पाहावे, असे म्हणण्याचे कारण पदकांपेक्षा वेगळे आहे. ते रुग्णालयातून व्हीलचेअरवर घरी जाणाऱ्या तरुणांशी निगडित आहे.

कयाक हाताने चालते असे दिसते. प्रत्यक्षात ताकद येते धडातून. पोट, पाठ आणि कंबर यांचे स्नायू धड पिळल्यासारखे फिरवतात, खांदा आणि हात ती ताकद वल्ह्यापर्यंत पोचवतात, पाय पुढच्या फळीवर रेटा देतात. पाय दुबळे असतील तर वेग कमी होतो, पण होडी चालायची थांबत नाही. याच गोष्टीवर पॅराकनू हा दिव्यांगांचा प्रकार उभा आहे. २०१० पासून तो जागतिक स्पर्धेत आहे आणि २०१६ च्या रिओपासून पॅरालिम्पिकमध्ये. अंतर २०० मीटर. पॅरा कयाकची रुंदी किमान ५० सेंटिमीटर ठेवावी लागते, म्हणजे ती इतक्या सहज कलंडत नाही.

या स्पर्धेतली वर्गवारी डॉक्टरांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. कयाकमध्ये तीन गट. पहिल्यात मुख्यतः खांदे आणि हात काम करतात असे खेळाडू, दुसऱ्यात धडाचाही काही उपयोग होतो असे, तिसऱ्यात पायांचाही थोडा रेटा मिळतो असे. खेळाडूच्या धडाची आणि पायांची ताकद तपासली जाते, होडीत बसवूनही पाहिले जाते. आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला किती टक्के गेले हे कळते, चाळीसच्या वर की खाली यावर त्याचे पुढचे बरेच काही ठरते. उरलेले काय आणि त्याचे काय करता येईल, हे सांगणारा कागद त्याला कुणी देत नाही.

झाडावरून किंवा विहिरीत पडून, दुचाकीच्या अपघातात मज्जारज्जूला मार लागलेला पंचवीस वर्षांचा मुलगा घरी जातो तेव्हा घरचे विचारतात, "डॉक्टरसाहेब, आता याले काय करता येईन?" उत्तर बहुतेक वेळा एकच असते, जपा. मग जपणे सुरू होते. खाट, खिडकी, मोबाइल. मांड्यांचे मोठे स्नायू निकामी झाले की शरीराचा साखर जाळण्याचा मुख्य कारखानाच बंद पडतो. वजन वाढते, मधुमेह आणि हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतात. मन खचते ते वेगळेच. अशा माणसाला दम लागेल असा व्यायाम कोणता द्यावा, हा प्रश्न अवघड आहे, कारण चालणे, धावणे, सायकल हे सगळे रस्ते बंद असतात. वल्हे मारण्यात धड, पाठ, खांदे यांचे जेवढे स्नायू शिल्लक आहेत तेवढे सगळे एकदम कामाला लागतात. आणि पाण्यावर गेल्यावर व्हीलचेअर काठावर राहते, हा फायदा कुठल्याही तपासणीत मोजता येणारा नाही.

हे पुस्तकी बोलणे वाटेल, म्हणून पुण्याचे उदाहरण. नारायण कोंगनापल्ले हे सैनिक. जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा पाय गेला. पुण्याच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात ते उपचारांसाठी आले आणि तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना रोइंगची वाट दाखवली. रोइंग म्हणजे पाठमोरे बसून नाव वल्हवणे, कयाकचे सख्खे भावंडच. रस्ते अपघातात पाय गमावलेल्या अनिता यांच्या जोडीने त्यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. कयाकमध्ये ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांनी त्याच स्पर्धेत सुवर्ण आणले. त्या आधी जलतरणपटू होत्या, मग भोपाळच्या तलावावर वल्हे हाती घेतले. नारायण यांच्या गोष्टीत लक्षात घ्यायचे ते हे, की वाट उपचारांच्या ठिकाणीच दाखवली गेली. जिल्हा रुग्णालयात तसे सांगणारा कुणी का नसावा?

"वऱ्हाडात पाणी कुठे?" हा ठरलेला आक्षेप. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे गावही दुष्काळीच. तिथला दत्तू भोकनळ विहिरी खोदत होता, सैन्यात गेल्यावर नावेत बसला. सुरुवातीला त्यालाही पाण्याची भीती वाटायची. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्ण मिळवले. दोनशे मीटर सरावाला समुद्र लागत नाही. राजापेठपासून वडाळी आणि छत्री तलाव लांब नाहीत, मोर्शीकडे अप्पर वर्धा आहे, अकोल्याला काटेपूर्णा. कयाकला इंजिन नसते, त्यामुळे पिण्याच्या पाण्यात तेल सांडण्याचा प्रश्नही येत नाही.

खरा प्रश्न भीतीचा, आणि ती भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांचा जीव गेला, तो दिवस जिल्हा विसरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. तेव्हा आधी पोहण्याचा तलाव, मग वल्हे. अंगात जीवरक्षक जाकीट नसेल तर होडीला हात लावायचा नाही. आणि सोबत बचावाची दुसरी नाव. यात सवलत नको.

मज्जारज्जूच्या रुग्णाला आणखी काही धोके असतात, ते प्रशिक्षकाला सहसा ठाऊक नसतात. बसायच्या जागेला संवेदना नसेल तर अर्ध्या तासात त्वचा सोलवटते आणि रुग्णाला कळतही नाही. अशी जखम भरायला महिने लागतात. म्हणून बैठकीला चांगली गादी हवी आणि सराव संपल्यावर आरशात पाहून त्वचा तपासायला हवी. धड बांधायचा पट्टा एका झटक्यात सुटणारा असावा, होडी उलटली तर पट्टाच जीव घेईल. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर भरलेले मूत्राशय किंवा फार आवळलेला पट्टा एवढ्यानेही रक्तदाब एकाएकी चढतो. डोके ठणकले, घाम फुटला की लगेच थांबावे, बसते करावे, कारण शोधावे. त्यांना घामही नीट येत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सराव नाहीच. शिवाय व्हीलचेअर ढकलून खांदे आधीच झिजलेले असतात, म्हणून खांद्यामागच्या स्नायूंना आधी दोन-तीन महिने तयार करावे. हे सगळे फिजिओथेरपिस्टला जमते. घाई मात्र करू नये, ती आपल्याकडे पदकाच्या नादात फार होते.

पैशाचे म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांसाठी स्वतंत्र कलम आहे आणि त्यात सरकारने करायच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. शहरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे, प्रशिक्षक घडवण्याची परंपरा आहे. दोन-तीन रुंद होड्या, एक बचाव नाव, पोहायचा तलाव आठवड्यातून दोन सकाळी राखीव, आणि रुग्णालयातून पाठवलेले चार-पाच जण. येत्या दिवाळीनंतर, थंडी चढायच्या आत, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर औषधे असतात, कॅथेटर बदलण्याची तारीख असते. खाली दोन ओळींची जागा नेहमी रिकामी राहते, त्या प्रशिक्षकाचा फोन नंबर तिथे मावेल.